बाम्बर्गर आणि राजपूरकर

नूरुद्दीन राजपूरकर कुणाला नुसतं नाव विचारून कधी थांबला नाही. नावामागून आडनाव, आडनावामागून गाव, मग गावातला मोहल्ला, आणि मग, "म्हणजे बंदरावरच्या हमीदभाईंच्या मेहुण्याचे तुम्ही कोण?" चहा येईपर्यंत समोरच्याचं सगळं खानदान टेबलावर मांडलेलं असायचं. ही कोकणातली खोडच आहे, हिंदू-मुसलमान दोघांची. नूरुद्दीनने ती सौदीतही सोडली नाही. मलयाळी, पठाण, येमेनी, त्याच्या गाडीत बसलेला कुणीही यातून सुटला नाही.

मी जुबैलमध्ये अडलेल्या माणसांची कामं करतो. कुणाचा पासपोर्ट कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो मालक, दाबून बसलेला असतो, कुणाची मयत शवागारात पडून असते. मला कुणी नेमलेलं नाही, आणि कायदा जेवढा कळतो तेवढा सरकारी ऑफिसांच्या बाकड्यांवर बसून शिकलोय. इथल्या इंजिनियरांवर, व्यापाऱ्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. हार घातलेल्या फोटोसकट लिहितात. नूरुद्दीनवर कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो.

रायगडात मुरूडजवळच्या राजपुरीचा हा माणूस. बाप जहाजावर खलाशी होता. नूरुद्दीन विशीत सौदीला आला, आधी ट्रेलर चालवला, मग बस. २०१३ साली तो जुबैलच्या एका कंत्राटदार कंपनीत ट्रान्सपोर्ट सुपरवायझर होता. ही कंपनी पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये पाइप जोडायची कामं घ्यायची, आणि कॅम्पवरून माणसं शिफ्टला पोचवायची, परत आणायची, हे काम नूरुद्दीनचं. बायको साबिरा आणि मुलगी तस्नीम त्याच्याजवळ होत्या. तस्नीम इंडियन स्कूलमध्ये दहावीला. मार्चमध्ये बोर्ड.

ते निताकातचं वर्ष होतं. ज्या कंपनीत सौदी माणसं पुरेशी नाहीत ती सरकारच्या लेखी लाल, आणि लाल कंपनीला परदेशी माणसाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढवून मिळत नाही. इकामा गेला की नोकरी गेली, घर गेलं, पोरांची शाळा गेली. नूरुद्दीनची कंपनी लाल होती. हिरवं व्हायला दोनच रस्ते, सौदी भरा नाहीतर बाहेरचे काढा. दुसरा स्वस्त पडतो.

त्या उन्हाळ्यात प्लांटवाल्यांनी जर्मनीहून एक इन्स्पेक्टर बोलावला. उलरिश बाम्बर्गर त्याचं नाव. उंच, भुवया पांढऱ्या, कमी बोलणारा. पाइपांचे वेल्डिंगचे जोड तपासायचे आणि कच्चे निघाले की खडूने फुली मारायची, एवढंच त्याचं काम. फुली मारली की कंपनीला तो जोड कापून पुन्हा करावा लागे. कामगार त्याला मागून मिस्टर बर्गर म्हणत. कॅम्पवरून प्लांटला त्याला नूरुद्दीन स्वतः नेई, कारण इंग्रजी बोलणारा ड्रायव्हर दुसरा नव्हता.

पहिल्याच आठवड्यात नूरुद्दीनने त्याला गाठलं. "साहेब, बाम्बर्गर म्हणजे काय?"

"बाम्बर्गचा. बाम्बर्ग हे बव्हेरियातलं शहर आहे."

नूरुद्दीनने स्टिअरिंगवर थाप मारली. "म्हणजे आमच्यासारखंच! मी राजपुरीचा, म्हणून राजपूरकर. मग तुम्ही बाम्बर्गला राहता?"

"नाही. न्युरेनबर्गजवळ. आमच्यातलं कुणी बाम्बर्गला कधी राहत होतं का, तेही ठाऊक नाही. बाम्बर्गमध्ये राहणाऱ्याला बाम्बर्गर कशाला म्हणतील? गाव सोडून दुसरीकडे गेला, की तिथले लोक तसं म्हणायला लागतात."

हे नूरुद्दीनला इतकं आवडलं की पुढे महिनाभर तो भेटेल त्याला ऐकवत होता. राजपुरीत कोण राजपूरकर? तिथे सगळे सारंग, तांडेल, नाखवा. मुंबईला गेला, जहाजावर चढला, की तो राजपूरकर. जर्मनाने आणखीही सांगितलं होतं. हे आडनाव बव्हेरियात जास्त सापडतं, तिथून ऑस्ट्रियात, अमेरिकेत गेलं. ख्रिश्चनांत आहे, ज्यूंतही आहे. दोनेकशे वर्षांपूर्वी तिथल्या सरकारने ज्यूंना कायमची आडनावं लावायला लावली, तेव्हा बऱ्याच जणांनी आपलं जुनं गावच नावापुढे ठेवलं. यातला आपण कुठला, हे बाम्बर्गरने सांगितलं नाही. सगळ्या दुनियेची उलटतपासणी घेणाऱ्या नूरुद्दीनने ते विचारलंही नाही. का, असं मी नंतर त्याला छेडलं.

"गाव कळलं ना? मग पुढचं कशाला पायजे? निमाज मी त्याच्या पाठी पडतोय की तो माझ्या?"

शुक्रवारी त्याच्या घरी चार कोकणी माणसं जमायची. साबिराच्या हातची सुरमई, तांदळाच्या भाकऱ्या. साबिराचा मामेभाऊ कादिर याच कंपनीत टाइमकीपर होता. तो आणि त्याची बायको कुबरा ठरलेली. अशाच एका शुक्रवारी नूरुद्दीनने बाम्बर्गरची गोष्ट पुन्हा लावली. कादिरने फोन काढून आडनाव शोधलं आणि मोठ्याने वाचलं, "जर्मन आणि ज्यू आडनाव." मग डोळे वटारून म्हणाला, "नूरभाई, तुम्ही रोज यहुद्याला फिरवताव!"

"मग आमचं पण शोध. राजपूरकर टाक."

शोधलं. त्यातही ज्यू निघाले. आपल्या रायगडचे बेने इस्रायली. नूरुद्दीन खो खो हसला. "शनवार तेली! माझा आजा सांगायचा. शनवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. ते पण राजपूरकर, आम्ही पण. बाहेर पडले त्यांना आडनाव लागलं, मग आडनाव काय निमाज विचारून लागतं?"

तस्नीम आतून ओरडली, "अब्बा, प्लीज! स्कूलमध्ये कुणाला सांगू नका हं, सो एम्बॅरसिंग!"

सगळे हसले, पान खाल्लं, घरी गेले. पण कादिरच्या पोटात काही राहत नाही. शनिवारी ऑफिसात त्याने गंमत म्हणून ही गोष्ट सांगितली, आणि ती शशिकांतच्या कानावर गेली.

शशिकांत म्हणजे कंपनीचा एचआर मॅनेजर, नाशिकचा. माणूस गोड बोलणारा. त्याच्यावरही दडपण होतं, मला मान्य आहे. शटडाउनचं, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायचं काम वेळेत प्लांटच्या ताब्यात द्यायचं होतं आणि बाम्बर्गर फुल्या मारतच होता. मालक रोज शशिकांतची खरडपट्टी काढायचा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याने नूरुद्दीनला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं.

"नूरभाई, ट्रान्सपोर्टमध्ये दोन सुपरवायझर आहेत. मला एकच ठेवता येतोय. तुमच्या मुलीचं दहावीचं वर्ष आहे, मी विसरलेलो नाही."

"मेहरबानी, साहेब."

"तो जर्मन तुमच्याशी मोकळेपणी बोलतो म्हणे. तो ज्यू आहे ना?"

"आडनाव दोघांच्यातही आहे, एवढंच बोलला."

"अहो, तेच ते. प्लांटच्या सिक्युरिटीला जाऊन सांगायचं, तो माझ्यासमोर असं बोलला. बास. व्हिसावर त्याने धर्म काय लिहिलाय ते ते लोक बघतील. चौकशी होईपर्यंत गेट पास अडकेल, तोवर आपलं काम हँडओव्हर होईल. त्याचं काही वाईट होत नाही, घरी जाईल बिचारा. बिअर पिईल."

"आणि मी नाय सांगितलं तर?"

"तर मला दुसऱ्याचं नाव ठेवावं लागेल," शशिकांत म्हणाला आणि त्याने चहा मागवला.

हे मी लिहितोय तरी डोकं तापतं. जातधर्म बघत नाही म्हणून छाती फुगवणारा हा माणूस. स्वतःचे हात स्वच्छ ठेवून मुसलमानाच्या तोंडून ज्यूवर शिक्का मारून घेणार! त्याला वाटलं, नूरुद्दीन मुसलमान आहे, त्याला हे गोडच लागेल.

घरी साबिराने सगळं ऐकलं. ती भावनेत वाहणारी बाई नाही.

"तो तुमचा कोण लागतो?" तिने विचारलं.

"कोणी नाय."

"तस्नीम कोण लागते?"

"अगं, मी गंमत केली म्हणून हे झालं. मी आडनाव काढलं नसतं तर..."

"मग झालं ते झालं. जा आणि दोन वाक्यं बोलून या. जर्मन आपल्या मुलकात जाईल, त्याला तिथे इकामा लागत नाय. आपण गेलो तर पोरगी परीक्षेला बसायची कुठे? राजपुरीत? तिथे हिच्या बोर्डाची शाळा तरी आहे का?"

दुसऱ्या दिवशी नूरुद्दीन प्लांटच्या सिक्युरिटी ऑफिसात गेला. तिथला मुख्य अबू नासिर, फौजेतून निवृत्त झालेला सौदी. पुढचं बोलणं मला नूरुद्दीनने सांगितलं आणि तिथल्या सुदानी कारकुनानेही. दोघांचं जुळलं, म्हणून लिहितो.

अबू नासिरला आधीच फोन गेला होता. "तुझ्याकडे काहीतरी सांगण्यासारखं आहे म्हणे. जर्मनाबद्दल."

"कंपनीने सांगितलं म्हणून आलोय. लोक बोलतात, त्याचं आडनाव ज्यूंचं आहे."

"तो तुला तसं बोलला?"

नूरुद्दीनला तिथे नुसतं हो म्हणायचं होतं. अरबीत तो एक शब्द आहे. तो म्हणाला, "नाही. तो बोलला, त्याचं आडनाव एका गावाचं आहे. माझंही गावाचंच आहे. माझ्या आडनावाचे ज्यू आमच्या किनाऱ्यावर होते. आडनावावरून गेट पास अडवायचा असेल तर आधी माझा अडवा."

अबू नासिरने त्याच्याकडे नीट पाहिलं. "इंता यहूदी?"

"मुसलमान. अल्हम्दुलिल्लाह. पण आडनाव तेच."

"मग तू इथे कशाला आलास?"

"आलो नसतो तर दुसरा कुणीतरी येऊन हो म्हणाला असता."

अबू नासिर मिसबाह, म्हणजे जपमाळ, बोटांत फिरवत बसला. त्याला राग आला होता की हसू, ते कारकुनालाही कळलं नाही. मग त्याने हात पुढे केला. "तुझा पास ठेव इथे. तू स्वतःच म्हणालास. यल्ला, जा."

बाम्बर्गरला कुणी हात लावला नाही. तो दुसऱ्या दिवशीही खडू घेऊन आत गेला. एवढंच म्हणाला की गाडीला आज नवा ड्रायव्हर आहे आणि तो फार जोरात चालवतो. शेवटपर्यंत त्याला यातलं काही कळलं नाही. महिनाअखेर काम संपवून तो न्युरेनबर्गला गेला. नूरुद्दीनचा पास चार दिवसांनी परत मिळाला, पण तोवर शशिकांतला हवं ते मिळालं होतं. "गेट पास अडकलेला सुपरवायझर मी कसा ठेवू, नूरभाई? तुम्हीच सांगा."

मला हे त्या दिवशी कळलं. मी शशिकांतच्या केबिनमध्ये शिरून जे बोललो ते छापण्यासारखं नाही. नूरुद्दीन मला ओढत बाहेर घेऊन आला. "भाई, त्याला शिव्या घालून इकामा मिळतो का? मिळत असेल तर मी पण घालतो."

मग मी कामाला लागलो. कागदपत्रं नीट करून घ्यायला सरकारने दिलेली मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपत होती, आणि लाल कंपनीतल्या माणसाला कफीलच्या परवानगीशिवाय हिरव्या कंपनीत जायची मुभा त्या मुदतीतच होती. म्हणजे कंपनी लाल असल्याचा नूरुद्दीनला फायदाच झाला म्हणायचा. जुबैलमध्ये कुणी घेईना, सगळीकडे माणसं काढणंच चाललं होतं. शेवटी रियाधला अल मलाझमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांचं एक दुकान मिळालं. मालकाला माल पोचवायला माणूस हवा होता. पगार निम्म्याहून कमी. मुदत संपायच्या आदल्या दिवशी इकामा त्याच्या नावावर चढला. त्यावरच साबिरा आणि तस्नीमचाही टिकला.

पण शाळा जुबैलला. घर कंपनीचं होतं, ते सोडावं लागलं. कादिर आणि कुबराने आपल्या दोन खोल्यांतली एक दिली. कादिर रडवेला होऊन म्हणाला, "आपा, माझ्या तोंडाने घात केला." साबिरा म्हणाली, "तोंड तुझं होतं, पण विषय त्यांचा होता. सामान आत घे."

त्या घरात ती पाच महिने राहिली. कुबराच्या स्वयंपाकघरात उभी राहून भाकऱ्या थापल्या आणि कादिरशी कामापुरतंच बोलली. नूरुद्दीन रियाधला दुकानाच्या वर सहा जणांच्या खोलीत. शुक्रवारी फोन करायचा. तस्नीम त्याच्याशी बोलताना हिंदी-इंग्रजीतच बोलायची, "अब्बा, मॅथ्स हो गया, डोन्ट वरी." सगळे पेपर झाले.

त्या पगारात कुटुंब ठेवणं परवडत नव्हतं. पेपर संपल्यावर मायलेकी गावी निघाल्या, कायमच्या. दम्मामच्या विमानतळावर मीच त्यांना सोडायला गेलो. नूरुद्दीन रियाधहून बसने आला होता. तो ट्रॉलीवरच्या बॅगा पुन्हा पुन्हा सारख्या करत होता आणि तस्नीम त्याला सांगत होती की अकरावीला सायन्सच घेणार, मुंबईत मावशीकडे राहणार.

मी साबिराला विचारलं, "वहिनी, अजून राग आहे?"

"आहे की." ती त्याच्याकडे बघत होती. "ते खोटं बोलून घरी आले असते ना, तर मी त्यांना जेवायला वाढलं असतं. एक शब्द बोलले नसते. मला म्हायतेय. राग येतो तो माझ्या त्या गप्प राहण्याचा."

आत जायची वेळ झाली. साबिराने नूरुद्दीनला दुपारच्या बसमध्ये खायला बांधून आणलेला डबा दिला, डबा परत पाठवायची भानगड नको म्हणाली, आणि मुलीचा हात धरून आत गेली. नूरुद्दीन काचेजवळ थोडा वेळ थांबला. मग त्याने मला बसस्टँडवर सोडायला सांगितलं, कारण सकाळी दुकान उघडायचं होतं.