भेगांतला गेरू

दिवाळीला गावी, किन्हीराजाला गेले की मी अंगणातल्या काँक्रीटच्या बीमवर बसून चहा पिते. दोन दगडांवर टेकवलेला, दीडेक हात लांबीचा. माझ्या इंजिनिअरिंगची घरात तेवढीच खूण उरली आहे.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता पोलादी तारांचे बारीक तुकडे मिसळलेल्या काँक्रीटचा. साधा बीम यंत्राखाली फाडकन मोडला, दोन तुकडे. तारांचा मात्र भलता चिवट. तडकला, वाकला, पण सुटला नाही. आतल्या तारांनी दोन्ही बाजू धरून ठेवल्या. त्याच्या भेगेला खूप बारीक फाटे फुटलेत, म्हणजे तारांनी ताण वाटून घेतलाय, असं मी सांगत होते. सरांना एकच भेग दिसत होती. "सुट्टीनंतर फाटे दाखव, नाहीतर प्रोजेक्ट पुन्हा कर," असं बजावून ते मोकळे झाले. मोडके बीम कॉलेजात फेकून देत, म्हणून मी तो ऑटोत घालून घरी आणला.

दुसऱ्या दिवशी पाहते तर बीम लालभडक! दिवाळीआधी आमच्याकडे घरातली एकूण एक भेग बुजते, ओट्याला गेरू लागतो. मायनं त्याच सपाट्यात माझा पुरावाही रंगवून टाकला होता.

"माय, काय करून ठेवलं हे?"

"दिवाईले घरात तडकलेलं ठेवतेत काय? मले वाटलं, तुये सर खूश होतीन."

"अवं, त्या भेगाच दाखवाच्या होत्या मले!" मला रडूच फुटलं.

"थांब, पुसून देतो. रडून कायले राह्यली?"

पदर खोचून तिनं ओल्या फडक्यानं बीम खसाखसा पुसला. वरचा गेरू गेला, पण भेगांत शिरलेला काही निघेना. करड्या काँक्रीटवर केसाएवढे लाल फाटे उमटले, काही तर मलाही आधी न दिसलेले. मी तिला मिठीच मारली.

"आता हासून काहून राह्यली?" तिला काहीच कळेना.

सुट्टी संपल्यावर बीम परत कॉलेजात नेला. सरांनी फाटे बोटानं मोजले आणि विचारलं, "हा रंग कुठून आणला?"

"घरून," मी म्हणाले.

आता माय नाही. ओट्याला फरशी बसली, गेरू कुणी आणत नाही. दिवाळीत तिची फार आठवण येते. यंदा धाकटा भाऊ बीमकडे बघून म्हणाला, "ताई, ॲसिडनं धुतो हे, चकाचक होईन." मी त्याला हात लावू दिला नाही. त्या भेगांत अजून तिनं भरलेला गेरू आहे.