वच्छीला कोणी नेलं

भूतखेत, अंगात येणं, चमत्कार... माझा यातल्या कशावरही काडीचा विश्वास नाही. आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले देवसुद्धा नदीत सोडले होते. त्यामुळे हे लिहिताना मला माझाच राग येतोय. पण घडलं ते घडलं.

दीक्षेनंतरचा पहिलाच पावसाळा. आर्वी तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी आमचं गाव. नदी आणि नाला एकदम फुगले आणि गावाचं बेट झालं. होती ती एक नाव वाहून गेली. त्यातच माझ्या मोठ्या बहिणीचं, वच्छीचं, पहिलं बाळंतपण अडलं. मूल आडवं होतं. सुईण म्हणाली, "दवाखान्याबिगर नाई सुटत हे."

दुपारी हेलिकॉप्टर आलं, शाळेजवळच्या टेकाडावर उतरलं. आम्हाला वाटलं, सुटलो! त्यातून उतरले पूर पाहायला आलेले एक बडे साहेब. माय चिखलातून धावत गेली.

"सायेब, माही पोरगी मरून राह्यली जी. आर्वीले न्या तिले."

"तसा हुकूम नाही, बाई. हे पाहणीसाठी आलंय."

"मांग जागा खाली हाय नं जी."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते हेलिकॉप्टरने निघून गेले. मागची जागा रिकामी होती – मी स्वतः पाहिली. आज म्हातारी झाले, तरी ते आठवलं की संताप होतो.

माय टेकाडावरच बसून शिव्या देत राहिली. मीही तिथेच. थोड्या वेळाने पुन्हा घरघर ऐकू आली. आभाळात काहीच नव्हतं... पण खाली आमच्या घरापुढचं पाणी गोल दबलं, छपराची कौलं थडथडली. आम्ही धावलो. सुईण भिंतीला चिकटून बसलेली आणि खाट रिकामी.

"वारं आलं... म्या डोये मिटले," एवढंच ती म्हणत होती.

वच्छीला पाण्यात शोधलं, शेवटी तिच्या नावाने रडून घेतलं. पूर ओसरल्यावर निरोप आला, वच्छी आर्वीच्या दवाखान्यात आहे. जाऊन बघतो तर ती मुलीला पाजत होती. नर्स म्हणाली, बाई आवारात निजलेली सापडली. लुगडं कोरडं होतं.

"कोणं आणलं तुले?" मायनं विचारलं.

वच्छी तिच्याकडे बघतच राहिली. "असं काऊन विचारते? तूच तं मले मांडीवर घेऊन बसली होती, सारा रस्ता."

माय तर माझ्याजवळ होती.

पुढे तेच साहेब आर्वीला भाषणात म्हणाले, पुरात अडलेली बाळंतीण आम्ही हेलिकॉप्टरने हलवली. टाळ्या पडल्या. समोर बसलेली माय उठून उभी राहिली. "खोटं बोलून राह्यले तुमी." दोघांनी दंडाला धरून तिला मांडवाबाहेर काढलं.

वच्छीला कोणी नेलं, ते मला आजही सांगता येत नाही. त्या साहेबांनी नेलं नाही, एवढं मात्र कुठेही उभी राहून सांगेन.