नानांकडून काढून घेतलेला इतिहास

नानांची माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या रागातून. धुळ्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेत ते नववीला इतिहास शिकवीत. फाळणीवर बोला म्हणाले, तर मी हातवारे करून भाषण ठोकलं. रक्ताचे पाट, प्रेतांनी भरलेल्या गाड्या, सगळं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. नाना लालबुंद झाले. "कोणाला विचारलंस हे?" मी म्हटलं, गाइडात आहे.

"खरं ऐकायला कोण येतं?" त्यांनी विचारलं. आम्ही पाच मुलींनी हात वर केले. रविवारी नाना आणि त्यांच्या पत्नी, काकू, आम्हाला एस.टी.ने धुळ्याला घेऊन गेले. सिंधमधून आलेल्या एक म्हाताऱ्या अम्मा तिथे पापड करून विकत. नानांचा दंडकच होता, वही काढायची नाही, प्रश्न विचारायचा नाही, आधी हाताला काम घ्यायचं. दोन रविवार नुसते पापड लाटले. मला तर वैताग आला होता.

तिसऱ्या रविवारी अम्मा आपणहून बोलल्या. स्टेशनवर धाकट्या बहिणीला गाठोड्यावर बसवून त्या पाण्याला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा गाठोडं होतं, बहीण नव्हती. "आज भी नल पे जाती हूँ तो पीछे मुड़के देखती हूँ," म्हणाल्या आणि पुढचा गोळा घेतला. माझ्या त्या भाषणाची मला शिसारी आली.

गावात बोभाटा झाला. पहिली तक्रार माझ्याच वडिलांची, आबांची. "आमनी पोर शायमा शिकाले धाडेल शे, पापड लाटाले नही," असं ते हेडमास्तरांना सुनावून आले. संस्थेला निमित्तच हवं होतं. पोरांची डोकी भडकतील म्हणे! नानांकडून इतिहास काढला आणि निवृत्तीपर्यंत चित्रकला दिली. ज्यांना सरळ रेघ ओढता येत नव्हती, त्यांना. तरी अम्मा आजारी पडल्या तेव्हा त्यांचा डबा नानांच्याच घरून जात होता.

आज तीच संस्था नानांना साठीची शाल देते आहे आणि मला निरोप आहे, जुनं उकरू नका. का नको? मी आता जळगावात इतिहास शिकवते. मलाही सांगतात, बाई, परीक्षेपुरतं शिकवा. डोक्यात तिडीक जाते.

स्वतःचाही राग आहेच. हेडमास्तरांनी तेव्हा मला एकच विचारलं होतं, "सरांनी बळजबरीने नेलं का?" शेजारी आबा उभे होते. मी गप्प राहिले आणि ते 'हो' म्हणून लिहून घेतलं गेलं.

नानांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. समारंभाला मी आबांना घेऊन येते आहे. त्यांच्या देखत सांगेन, आम्ही आपणहून गेलो होतो.