दिवेलागणीचा फोन

अमरावतीच्या राजापेठेत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. लोक मला मास्तर म्हणतात, कारण पूर्वी त्याच जागेत मी टायपिंगचा क्लास चालवायचो. टाइपरायटर भंगारात गेले, मास्तर तेवढा राहिला. माझा स्वभाव तिखट आहे हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना सोसत नाही ते समोरच्या दुकानात जातात, आणि तिथं फॉर्म चुकला की निमूट माझ्याकडे येतात.

दुर्गाबाई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या २०१८ सालच्या होळीनंतर. बरोबर त्यांचा मुलगा अमोल होता. तो दोन गल्ल्या सोडून राहतो, म्हणून तोंडओळख होती. मूळचे हे तिवस्याकडचे. आधीच्या साली कपाशीचं पीक बोंडअळीनं खाल्लं, तेव्हा अमोलनं वावर मक्त्यानं दुसऱ्याला कसायला देऊन टाकलं आणि तो अमरावतीत कापडाच्या दुकानात कामाला लागला. त्या वर्षी असे किती जण शहरात आले याची मोजदाद कोणी ठेवली नसेल. निम्म्यांचे अर्ज मीच भरले.

दुर्गाबाई मात्र तिवस्याला नव्हत्या. त्यांचे यजमान नत्थुजी चिखलदऱ्याला एका रेस्ट हाउसवर खानसामा होते. तीस वर्षं साहेबलोकांना जेवू घालून त्यांनी तिथंच दोन खोल्या, एक सैपाकघर आणि समोर ओटा असं टिनाचं घर बांधलं. मागं कॉफीची चार झाडंही लावली. दोन वर्षांपूर्वी नत्थुजी गेले आणि बाई तिथं एकट्या राहिल्या.

दोघं मायलेक माझ्यासमोर बसले आणि माझ्या दुकानाला पंचायतीची कळा आली.

"मास्तर, तुमीच समजवा हिले," अमोल म्हणाला. "घर विकून टाक म्हनतो अन् चाल मायासंग. पावसाळ्यात तिथं आठ आठ दिवस धुकं राह्यते. ही कुठं घसरून पडली तं आमाले दोन दिवसांनी कळन."

"मले खाली करमत नाही," बाई म्हणाल्या. चिखलदऱ्याची माणसं अमरावतीला 'खाली' म्हणतात. "अन् मी एकटी कायले राहीन? घर पाहुण्याइले देतो नं. सारे देऊन राहिले फोनवरून. घरात मानसं असली मंग तं झालं?"

पोरगा वाईट नव्हता, हे मला तेव्हाच कळलं. त्याला घराचा लोभ नव्हता, आईची भीती होती. शेवटी तोडगा निघाला तो असा : दिवाळीपर्यंत बघायचं. घर पाहुण्यांनी भरतं राहिलं तर ठीक, नाही तर घर विकायचं आणि बाईंनी खाली यायचं. दुर्गाबाईंनी माझ्याकडे बघितलं. पंच म्हणून मी मान हलवली आणि गळ्यात घोरपड घेतली.

घराचे फोटो काढायला मी स्वतः एसटीनं वर गेलो. पाहुण्यांना घरं भाड्यानं देणाऱ्या एका साइटवर घर टाकलं. महिनाभर कुत्रंही फिरकलं नाही, म्हणून दुसऱ्या साइटवरही टाकलं. बाईंना ईमेल कुठला? पहिलीला त्यांचा फोन नंबर पुरला, दुसऱ्या साइटला ईमेल मी माझाच दिला. मग त्यांना समजावून सांगितलं, "हे बघा, या दोन साइट म्हणजे एका घरातल्या दोन जावा. एकमेकींशी बोलत नाहीत. मोठीकडे पाहुणा आला की धाकटीला तुम्ही सांगायचं, त्या तारखेला घर बंद. धाकटीकडे आला तर मोठीला सांगायचं. हे इथं बटण आहे. 'बंद करा'."

"समजलं," बाई म्हणाल्या. "जावांचं मले नका शिकवू. तीन हायेत मले."

आणि खरंच, बाई हुशार निघाल्या. घरामागच्या पाण्याच्या टाकीजवळ तेवढा मोबाइल लागायचा. दिवसातून दोनदा तिथं उभं राहून त्या दोन्ही साइट तपासायच्या. मे महिन्यात पाहुणे येऊ लागले, जुलैत वाढले. आल्याबरोबर बाई विचारायच्या, "भाकर खासान का पोळी?" आणि पाहुणा काहीही म्हणाला तरी दोन्ही करायच्या. अमोलचा चेहराही जरा सैलावला होता.

मग आला ऑगस्ट. पंधरा ऑगस्टला जोडून लोकांनी रजा टाकल्या आणि सगळा वऱ्हाड चिखलदऱ्याला धावला. चौदा तारखेला दुपारी चारला मला बाईंचा फोन आला. दुकानात पीकविम्यावाल्यांची रांग दारापर्यंत होती.

"मास्तर, दोघींचे पाहुणे आले नं जी."

"कोणा दोघींचे?"

"दोघी जावांचे. ओट्यावर बसले हायेत. अकोल्याचे तिघं, अन् नागपूरचे नवरा-बायको. लेकरू हाये कडेवर, सहा महिन्यांचं."

माझं डोकं सणकलं. "तुम्ही तारीख बंद केली नव्हती?"

बाई जे बोलल्या ते मी जन्मात विसरणार नाही. "अकोल्याचं आलं तवा दिवे लागले होते जी. दिवेलागनीले घर बंद कसं कराव? लक्ष्मीची येयाची वेळ. म्हनलं सकाळी करीन. सकाळी पाह्यलं तं ते आपोआपच बंद होतं. म्हनलं, बरं झालं."

आपोआप कसलं बंद? रात्रीतून नागपूरवाल्यांनी तीच तारीख घेतली होती, म्हणून कॅलेंडरातला तो चौकोन करडा दिसत होता. घेतलेली तारीख आणि बंद केलेली तारीख दोन्ही एकसारख्याच दिसतात. आणि त्या बुकिंगचा ईमेल? तो माझ्याकडे पडला होता. दोन दिवस. विम्याच्या अर्जांच्या गर्दीत मी तो उघडलाच नव्हता. पण माणसाचं कसं असतं, स्वतःची चूक दिसली की तो दुसऱ्यावर जास्त ओरडतो. मी ओरडलो. म्हणालो, लक्ष्मी राहिली बाजूला, आता एकाला परत पाठवा. एकाचं बुकिंग रद्द करा.

"दारात आलेल्याले?" बाईंनी विचारलं. "या पावसात? लेकराले घेऊन?"

आणि फोन कट. नेटवर्क गेलं की बाईंनीच ठेवला, हे मी अजून विचारलेलं नाही.

मी अमोलला फोन करून सगळं सांगितलं. तो दुकानातून तसाच मोटारसायकलवर निघाला. आता ही म्हातारी माझं काही ऐकणार नाही, घर विकून मोकळा होतो, असं तो जाता जाता बोलला. मला वाटलं, संपलं. दिवाळी ऑगस्टातच आली.

पुढचं मला अमोलनंच सांगितलं. घाटात भिजत तो पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. घराचं दार सताड उघडं, उंबऱ्याशी दिवा, आणि आत सहा माणसांचा सैपाक चाललेला. मोठी खोली बाळवाल्यांना दिली होती, दुसरी अकोल्याच्या रऊफभाईंना. नागपूरवाला नवरा फुगून बसला होता, सगळं घर आपण घेतलं म्हणत होता, पण त्याची बायको बाळाला शेकायला चुलीपाशी बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती. रऊफभाईंच्या आबेदाभाभी भाकरी थापत होत्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांची मुलगी अरीबा कॉलेजात शिकणारी, ती दुर्गाबाईंना खोदून खोदून विचारत होती, की आजी, हा घोळ झाला कसा?

"आला का?" अमोलला बघून बाई म्हणाल्या. "कपडे बदल. अन् गवळ्याच्या घरून दूध आन, लेकरासाठी."

अमोल भांडायला आला होता. त्यानं दूध आणलं.

त्या रात्री तो आणि त्याची आई सैपाकघरात झोपले. बाप गेल्यापासून त्या घरात तो एकदाही मुक्कामाला राहिला नव्हता. रऊफभाईंचं अकोल्यात जठारपेठेत गाद्यांचं दुकान. सकाळी त्यांनी गादी हातानं दाबून पाहिली आणि म्हणाले, "बाई, याच्यातल्या कापसाचे गोळे झाले, पर कापूस असली हाये." अमोल म्हणाला, "आमच्याच वावरातला हाये. बोंडअळीच्या आधीचा." मग दोघं बराच वेळ ती गादी उसवून कापूस मोकळा करत बसले. हे सांगताना अमोल माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होता.

नागपूरवाल्यानं साइटवर लिहिलं : घरात दुसरं कुटुंबही होतं. ही फसवणूक आहे. जेवण उत्तम. धाकट्या जावेनं आम्हाला ताकीद दिली, पण घर यादीतून काढलं नाही.

मी बाईंना फोन करून म्हटलं, "यापुढं संध्याकाळी बुकिंग आलं की मला कळवायचं. तुमच्या हातानं बंद होत नसेल तर मी करतो. पाप लागलं तर मला लागेल."

"चालन जी," बाई म्हणाल्या. "तुमाले काही होत नाही."

तेव्हापासून रोज साडेसहा-सातला दुर्गाबाईंचा फोन येऊ लागला. "मास्तर, बावीस तारीख आली. बंद करा." मी करायचो, आणि घरी जाताना फोन आल्याचं अमोलच्या कानावर घालायचो. कधी कधी ती तारीख आधीच बंद दिसायची. मला वाटायचं, बाईंनी उजेडीच उरकलं असेल. ज्या दिवशी बुकिंग नसेल त्या दिवशीही फोन यायचाच. "आज काही नाही जी." काही नाही, तर फोन कशाला? हे मी दर वेळी मनात म्हणायचो. मग बाई विचारायच्या, जेवाले काय केलं? मी म्हणायचो, खिचडी. बायको गेल्यापासून मी खिचडीच करतो. मुलगी पुण्याला असते, ती रविवारी फोन करते. इतर दिवशी सहानंतर माझ्या दुकानात कोणी येत नाही.

दसऱ्यानंतर एक हॉटेलवाला कसलासा अर्ज भरायला आला. बोलता बोलता म्हणाला, "मास्तर, तुम्ही हातानं कशाला बंद करता? दोन्ही साइटची कॅलेंडरं जोडता येतात. एकीकडे तारीख गेली की थोड्या वेळानं दुसरीकडे आपोआप बंद होते."

मला माझीच लाज वाटली. एवढी वर्षं लोकांचे फॉर्म भरतो आणि हे मला माहीत नसावं! तो गेल्यावर मी जोडायला बसलो. बघतो तर कॅलेंडरं आधीच जोडलेली. तारीख, चौदा ऑगस्ट.

मी तडक अमोलच्या दुकानावर गेलो. त्यानं हात वर केले. "मी नाही जोडलं, मास्तर. मले काय समजते त्यातलं?" मग म्हणाला, "एक सांगू? ते जोडलं हाये हे आईले नका सांगू. ती रोज तुमाले फोन करते, मंग तुमी मले सांगता, आलता फोन. तवा मले जेवन जाते. घर विकाचं मी काढूनच टाकलं डोक्यातून. पन तो फोन बंद झाला तं मंग काही खरं नाही."

खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव सांगितलाच आहे. त्याच संध्याकाळी फोन आला, "मास्तर, आज काही नाही जी," आणि मी एकदम विचारलं, "दुर्गाबाई, त्या दोन्ही साइट जोडलेल्या आहेत. तुम्हाला माहीत होतं?"

"हो जी. अकोल्याच्या त्या अरीबानं तवाच जोडून देल्लं. म्हने, आजी, आता तुले काहीच कराचं काम नाही."

"मग अडीच महिने तुम्ही मला रोज फोन कशाला करता?"

"मंग कोन्या कामानं करू?" बाई म्हणाल्या.

समोरच्या दुकानदारानं ट्यूबलाइट लावली. मी शटर अर्धं ओढून घेतलं होतं, ते वर सरकवलं.

दुसऱ्या दिवशी दिवाळीची धावपळ होती. साडेसहा वाजले, सात वाजायला आले. मी फोन समोर ठेवून बसलो होतो. सात वाजून पाच मिनिटांनी तो वाजला.

"मास्तर, सोळा तारीख आली. बंद करा."

मी साइट उघडली. सोळा तारीख आपोआप बंद झालेली होती.

"केली," मी म्हणालो. "जेवायला काय केलं?"