सही नसलेला निरोप

गेटमावशीच्या गौरवाचा मजकूर मी लिहिला. शाळेत काहीही लिहायचं असलं की माझ्याकडेच येतं. मी कार्यालयात बसतो, अक्षर बरं आहे आणि नाही म्हणायची सवय नाही. त्यातली पहिली गोष्ट सोडली तर बाकी दोन्हींचा मला आता राग येतो.

गेटमावशी म्हणजे आमच्या शाळेचं फाटक. बाई आणि फाटक वेगळं काढता येणार नाही. मोठ्या फाटकात एक छोटं दार आहे, तेवढंच ती उघडते, आणि तेही स्वतः आडवी उभी राहून. दर सोमवारी बिजागरीत शिलाई मशीनचं तेल घालते. तेल घरचं, कारण नवरा शिंपी. तिचा निळा कोटही त्यानंच शिवलाय, शिट्टीसाठी आत वेगळा खिसा ठेवून. तो सगळ्यांना सांगत फिरतो, की घरात शिरताना मलासुद्धा ही बाई दोनदा बघून घेते.

शाळेत यायच्या आधी ती एका थेटरात दारावर तिकिटं फाडायची. एकदा हाच नवरा तिकीट न घेता आत जायला निघाला, तर तिनं त्याला रांगेत परत पाठवला. पिक्चर अर्धा झाल्यावर तो आत आला. हे ती हसत सांगायची. आता सांगत नाही.

सकाळी मुलं आत येताना ती अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर मोजते. चारशे बारा. हजेरी वर्गावर्गातून माझ्याकडे येईपर्यंत तिचा आकडा आलेला असतो, आणि फरक पडलाच तर चूक शिक्षकांची निघते. काही शिक्षक तिला त्यासाठी पाण्यात पाहतात.

मुलं घरी सोडायची तिची पद्धत सगळ्या शाळेला पाठ आहे. प्रत्येक मुलाचं एक पिवळं कार्ड. त्यावर मुलाचा फोटो आणि न्यायला येणाऱ्याचा फोटो. कार्ड समोरच्याच्या तोंडाजवळ धरायचं, बघायचं, मग दार. कार्ड नाही तर मूल नाही. आणि मुलाला ती कधीच विचारत नाही, की बाळा, हे तुझे कोण.

याला कारण आहे. नऊ वर्षांपूर्वी, कार्डं नव्हती तेव्हा, पहिलीतल्या एका मुलाला तिनं विचारलं होतं. तो "बाबा" म्हणाला आणि खरोखर ते त्याचे बाबाच होते. फक्त त्यांच्याकडे मूल द्यायचं नाही असा कोर्टाचा हुकूम होता, आणि तो कागद आईनं शाळेत आणून द्यायला दोन दिवस उशीर केला होता. मूल चार महिन्यांनी सापडलं. त्यानंतर कार्डाची कल्पना तिनंच काढली. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्याला आणखी एक नियम जोडला. फोनवर कुणीही काहीही सांगेल, तेव्हा फोनवरचा निरोप रजिस्टरात उतरवायचा, त्यावर मोठ्या बाईंची सही घ्यायची आणि मगच तो फाटकावर कळवायचा. सही नाही तोवर निरोप नाही.

नियम चांगला आहे. मी आजही तेच म्हणेन.

दुसरीत एक मुलगी आहे. तिच्या दोन ताठ वेण्या आणि गोल चेहरा बघून सगळे तिला लाकडी बाहुलीवरून ठकी म्हणतात. त्या मंगळवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी तिच्या वडिलांचा फोन आला. मोबाइल बंद पडला होता म्हणून इस्पितळातल्या टेबलावरच्या फोनवरून करत होते. ठकीची आई महिनाभर तिथंच होती, ते मला माहीत होतं. ते म्हणाले, "तिचा मामा येतोय, त्याच्याबरोबर लगेच पाठवा. फार वेळ नाहीये हो."

मी रजिस्टरात लिहिलं. आई अत्यवस्थ, मामा न्यायला येत आहे, सोडावे. सहीचा रकाना मोकळा. मोठ्या बाई दुसऱ्या मजल्यावर सुरक्षा समितीच्या बैठकीत होत्या आणि दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी होती. आदल्या महिन्यात मी त्या पाटीला न जुमानता आत गेलो होतो, तेव्हा चारचौघांत बोलणी खाल्ली होती. दोन जिने होते. चहाला खाली येतीलच, तेव्हा सही घेऊ, असा मी विचार केला आणि हजेरीचे कागद पुढे ओढले.

अकरा वीसला फाटकाचा फोन वाजला. मावशी म्हणाली, "ठकीचा मामा म्हणून एकजण आलाय. कार्ड नाही. आई आजारी आहे म्हणतोय. काही निरोप आहे का?"

माझ्यासमोर माझंच अक्षर होतं. मी म्हणालो, "सही झालेला निरोप नाही."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

माझ्या खिडकीतून फाटक दिसतं. मामा परगावाहून थेट आलेला, खांद्याला बॅग तशीच. आधी हळू बोलत होता, मग हात जोडले, मग ओरडायला लागला. तेवढ्यात छोटी सुट्टी झाली. ठकीनं त्याला पाहिलं आणि "मामा!" करत धावत जाऊन फाटकाचे गज धरले. मामानं बाहेरून तिची बोटं धरली. मावशी छोट्या दारात आडवी उभी होती आणि मुलीकडे बघत नव्हती. तिनं तिला विचारलं नाही. ती कुणालाच विचारत नाही.

शेवटी मामानं रस्त्यापलीकडच्या दुकानातून इस्पितळात फोन केला. कार्ड ठकीच्या वडिलांच्या पाकिटात होतं. ते बायकोच्या उशाशी बसले होते, तिथून उठले आणि कार्ड घेऊन आले. बारा वाजून दहा मिनिटांनी मावशीनं कार्ड त्यांच्या चेहऱ्याजवळ धरलं, बघितलं आणि दार उघडलं. तिघं पोहोचेपर्यंत ठकीची आई गेली होती. मुलगी नव्हती, भाऊ नव्हता, नवराही नव्हता. खोलीत एक नर्स होती.

हे कळलं तेव्हा मी डबा खात होतो. मी डबा पूर्ण खाल्ला. मला काहीच वाटलं नाही, आणि काही वाटत नाहीये एवढंच फक्त कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी सही करायला आली. तिची हजेरी माझ्याच टेबलावर असते. निरोपांचं रजिस्टर शेजारी उघडं होतं. तिनं ते वाचलं. अकरा पाच ही वेळ वाचली, मोकळा रकाना बघितला. मग रजिस्टर मिटलं, हजेरीवर सही केली आणि फाटकावर गेली. त्या दिवसापासून बिजागरीला तेल पडतंय, आकडा बरोबर येतोय, सगळं जिथल्या तिथं आहे. फक्त ती डबा भिंतीकडे तोंड करून खाते.

पंधरा दिवसांनी मामा कार्यालयात आला. तो आता बहिणीच्याच घरी राहणार होता आणि ठकीला न्यायला रोज तोच येणार होता. त्याला कार्ड हवं होतं. मी फोटो चिकटवला, कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून यंत्रातून काढायला लागलो. यंत्र गरम व्हायला वेळ लागतो. तो उभ्याउभ्या बोलत होता.

"मी शाळेला दोष देत नाही हो. कुणी आलं आणि पोर घेऊन गेलं, असं कसं चालेल? पण दाजींचं काही खरं नाही. आधी म्हणायचे, मी फोन केला होता. आता म्हणतात, फाटकावर निरोप नव्हता म्हणजे केलाच नसेल, नुसता करायचा मनात असेल. रोज रात्री तेच. मी फोन केला असता तर पोरीला आई भेटली असती म्हणतात."

कार्ड यंत्रातून बाहेर आलं. मी कात्रीनं कडा नीट कापल्या. आता सांगावं, असं वाटलं. आता नको, असंही वाटलं. मी कार्ड त्याच्या हातात दिलं. तो "आभारी आहे" म्हणाला आणि गेला.

मग शिक्षण खात्याचं पत्र आलं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी झटणाऱ्यांचा गौरव करायचा होता, शाळेनं एक नाव आणि एक घटना कळवायची होती. नावावर दुमत नव्हतं. डोळ्यांत तेल घालून कोण राखण करतं, ते चारशे बारा मुलांनाही माहीत आहे. घटनेसाठी सुरक्षा समितीनं फाटकावरची वही चाळली. वहीत त्या मंगळवारी मावशीनं नेहमीच्या भाषेत लिहिलं होतं, की कार्ड नसलेल्या अनोळखी पुरुषाला मुलगी दिली नाही. समितीला ते फार आवडलं.

मी मोठ्या बाईंकडे गेलो. "बाई, तो मामा होता."

त्यांनी चष्मा काढला. "मला माहितेय. पण कुणाचं नाव कुठं लिहायचंय? घटना तर खरी आहे ना?"

फोन आला होता, हे त्यांना माहीत नव्हतं. त्या दिवशी चहाला त्या खाली आल्या तेव्हा ठकीचे वडील येऊन गेलेले होते, मग सही मागायची गरजच उरली नव्हती. मी "हो" म्हणालो, खाली आलो आणि मजकूर लिहिला. अनोळखी इसमाचा प्रयत्न प्रसंगावधान राखून हाणून पाडला. माझं अक्षर नेहमीसारखं चांगलं आलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी फाटकावर गेलो. "मावशी, तुम्ही नको म्हणा ना."

"मी का नको म्हणू?" ती कुलूप पुसत होती. "मी कार्ड मागितलं, त्यात माझी चूक नाही. उद्याही मागीन. मला ते बक्षीस नकोय आणि त्याचा रागही नाही. मला काही वाटतच नाही हो साहेब. रडू यायला पाहिजे, तेही येत नाही. तो मामा रोज कार्ड दाखवतो, मी रोज बघते, दोघंही बोलत नाही."

"मग मी काय करू?"

"बाकीचं तुमचं आहे. तुम्ही सांगाल म्हणून मी थांबलेय. दोन महिने झाले."

कार्यक्रम सभागृहात झाला. एक साहेब आले, बोलले, गेले. मजकूर मीच माइकवर वाचला. पहिल्या रांगेत दुसरीची मुलं बसली होती. ठकी वेणीची रिबन चावत होती. मावशीनं काचेची चौकट घेतली, पुष्पगुच्छ घेतला, टाळ्या चालू असतानाच घड्याळ बघितलं आणि फाटकावर निघून गेली, कारण शाळा सुटायला सहा मिनिटं होती. शिपायानं ती चौकट फाटकालगतच्या तिच्या खोलीत किल्ल्यांच्या फळीशेजारी खिळ्याला टांगली.

शाळा सुटली. गर्दी ओसरत आली तेव्हा माझा फोन वाजला.

"ठकीचा मामा आलाय," मावशी म्हणाली. "कार्ड घरी राहिलंय. निरोप आहे का?"

आवाज अगदी नेहमीचा होता. रजिस्टरात त्या दिवशी काही नव्हतं. मी म्हणालो, "नाही. मी येतो तिकडे."

पोहोचलो तेव्हा मामा निघालेला होता. तो वाद घालत बसला नव्हता. "नका उघडू मावशी, आणतो मी," एवढंच म्हणाला, असं तिनं सांगितलं. घर दहा मिनिटांवर. ठकी मावशीच्या स्टुलावर बसून पाय हलवत होती आणि नवीन चौकट वाचत होती. दुसरीतलं वाचन, बोट ठेवून ठेवून.

"अ-नो-ळ-खी... इ-स-मा-चा." ती थांबली. "गेटमावशी, इसम म्हणजे काय?"

"माणूस."

"मग तो अनोळखी माणूस कोण होता?"

मावशी माझ्याकडे बघायला लागली, कार्ड तोंडाजवळ धरल्यावर माणसाकडे बघते तशी. खोलीत आम्ही तिघंच होतो. दोन महिन्यांत मला पहिल्यांदाच काहीतरी होत होतं.

"तुझा मामा होता," मी म्हणालो.

ठकीला हसू आलं. "मामा काय अनोळखी आहे?"

"नाही. माझं लिहिताना चुकलं. आणि त्या दिवशी तुझ्या बाबांनी फोन केला होता, ठकी. केला होता त्यांनी. मी घेतला होता."

तिनं पाय हलवायचे थांबवले. म्हणाली, "बाबा म्हणतात केलाच नाही. तुम्ही सांगा ना बाबांना."

"सांगतो."

"आज?"

"आज. मामा आला की तुमच्याबरोबरच येतो घरी."

मावशीनं पाठ फिरवली आणि कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. मग पुन्हा पुसलं. मी कार्यालयात जाऊन रजिस्टर घेऊन आलो. ते पान उघडून आत बोट धरून फाटकाशी उभा राहिलो. रस्त्याच्या टोकाला मामा दिसला. घाईघाईनं येत होता आणि पिवळं कार्ड लांबूनच वर धरलं होतं. मावशीनं ते हातात घेतलं, त्याच्या चेहऱ्याजवळ धरलं, बघितलं आणि दार उघडलं. ठकी बाहेर पडली, आणि तिच्यामागून मी.