शब्द सुटे करताना

सासूबाई गेल्यानंतर आम्ही सासऱ्यांना काही महिन्यांसाठी इथे जर्मनीत, हायडेलबर्गला घेऊन आलो. ते दिवसभर खिडकीशी बसून राहायचे आणि विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बल्गेरियन बाई राहतात. युनिव्हर्सिटीत त्या मध्ययुगीन बल्गेरियातल्या हस्तलिखितांचा अभ्यास करतात. एका शनिवारी त्या चहाला आल्या, तेव्हा त्यांनी टॅबवर जुन्या पोथीचं एक पान दाखवलं. अक्षरं ठसठशीत होती, पण दोन शब्दांमध्ये कुठेच जागा सोडलेली नव्हती.

बाबा खिडकीजवळून उठून आले. चष्मा लावून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "मग शब्द कुठे संपला, हे कसं ओळखता?"

"मोठ्याने वाचते," त्या म्हणाल्या. "डोळ्यांना कळत नाही, ते कानांना कळतं."

"अगं, आपल्या मोडीचंही अगदी तसंच की!" बाबा मला म्हणाले आणि चक्क हसले. ते तरुणपणी मोडी शिकले होते, हे मला तेव्हाच कळलं. त्यांनी कागद मागून घेतला, हात न उचलता एक ओळ लिहिली आणि मोठ्याने वाचून दाखवली. मग बाईंनी त्यांच्या पानावरची प्रार्थना वाचली. चहा निवून गेला तरी दोघांचं वाचन चालूच होतं.

आता दर शनिवारी बाबा स्वतःहून खाली जातात. काल त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "अरे, माझं परतीचं तिकीट जरा पुढे ढकलता येईल का? आमचं पान अजून अर्धंच झालंय."