पाणी तयार होईपर्यंत

आमच्या क्वार्टरमध्ये समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी आहे, हे ऊर्जानगरात, वीज केंद्राच्या वसाहतीत, कळलं तेव्हा आजूबाजूची माणसं बघायला आली आणि गोंधळून परत गेली. टाकीत पाणी होतं, तळाला पांढरी वाळू होती, मधोमध खडबडीत दगड रचलेले होते, पंपही चालू होता. फक्त मासे नव्हते. शेजारच्या काकू दर दोन दिवसांनी दारातून विचारायच्या, "काऊन वो, मासे कुठी हायेत?"

"अजून पाणी तयार व्हाचं हाय," माझी बायको सांगायची.

काकू माझ्याकडे बघायच्या. मी टाकीकडे बघायचो.

त्याच्या महिनाभर आधी आमची मुलगी गेली होती. सातव्या महिन्यात, पोटातच. बायकोला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं. ती गुंगीतून बाहेर आली तोवर संध्याकाळ झाली होती आणि सगळं आटोपलेलं होतं. घरी आल्यावर ती बोलेनाशी झाली. स्वयंपाक करायची, कपडे वाळत घालायची, विचारलं तर हो किंवा नाही म्हणायची. मग एक दिवस मोबाइलवर प्रवाळाचे व्हिडिओ बघताना दिसली. ते बघण्यात आठवडा गेला. समुद्र आम्ही दोघांनीही पाहिलेला नव्हता. ती अहेरीची, मी मुलचेऱ्याकडच्या धानाच्या गावचा. आमच्या लेखी पाणी म्हणजे शेतातलं तळं, म्हणजे बोडी, नाला, फार तर नदी.

"मले हे घरी करून पाहाचं हाय," ती म्हणाली.

तिनं काहीतरी मागितलं एवढ्यानंच मला भरून आलं. नागपूरहून टाकी आणली, कोरडे दगड आणले, समुद्राचं पाणी बनवायच्या खास मिठाची बादली आणली. माझी नोकरी वीज केंद्राच्या लॅबमध्ये, पाणी तपासायची. बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात काही म्हणजे काही असू नये, यासाठी आम्ही दिवसभर नळ्या हलवत बसतो. मला वाटलं, हे तर आपलंच काम. पण माझं ज्ञान इथं उलटं पडलं.

"तुमाले मेलेलं पाणी लागते," ती म्हणाली. "मले जितं पाहिजे."

तिनं मला समजावलं ते असं. मासा पाण्यातच घाण करतो, त्या घाणीचा अमोनिया होतो आणि तो माशाला जाळतो. अमोनिया खाणारे जिवाणू दगडांत, वाळूत आधी वाढावे लागतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषच; दुसरी त्या नायट्राइटचं नायट्रेट, ते माशाला सोसतं. म्हणून मासे न सोडता मोजून अमोनियाचे थेंब टाकायचे आणि जिवाणू वाढायची वाट बघायची. महिना, दीड महिना, कधी दोन. डोळ्यांना काहीच दिसत नाही. रोज संध्याकाळी छोट्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब घालायचे, पाच मिनिटं थांबायचं. हिरवं झालं तर विष आहे, पिवळं राहिलं तर नाही.

ती हे सगळं शाळेच्या वहीत लिहायची. कोळशाची काळी धूळ आमच्याकडे रोज खिडकीवर बसते, ती पाण्यात पडू नये म्हणून टाकीवर तिची सुती ओढणी असायची. मार्चमध्ये ऊन तापायला लागलं तसा घरातला एकुलता टेबलफॅन टाकीपुढे गेला. वाऱ्यानं पाणी उडायचं, मीठ वाढायचं, मग गोडं पाणी घालून पातळी सारखी करायची. आम्ही दोघं घामानं निथळत जेवायचो. तरी मला ते दिवस बरे वाटत होते, कारण ती आपण होऊन बोलत होती. "आज हिरवं जरासं फिकं हाय," एवढंच का होईना.

मार्च संपत आला आणि डॉक्टरांनी बाळंतपणाची दिलेली तारीख जवळ आली. कॅलेंडरवर तिनंच पूर्वी त्या तारखेभोवती पेन्सिलनं गोल केला होता. तो तिनं पुसला नव्हता आणि मलाही हात लावायचा धीर झाला नव्हता. तो दिवस घरात कसा जाईल, याची मला भीती वाटत होती. आदल्या संध्याकाळी नळीतला रंग मी नीट पाहिला. फिकट हिरवा होता. मी स्वतःला सांगितलं, पिवळाच आहे. पंधरा वर्षं पाणी तपासणाऱ्या माणसाला फरक कळत नाही असं होत नाही. मला तो कळत होता.

सकाळच्या पहिल्या बसनं नागपूरला गेलो आणि दुपारपर्यंत दोन मासे घेऊन आलो. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे, बोटाच्या दोन पेरांएवढे. थर्माकोलच्या डब्यातून पिशवी बाहेर काढली तेव्हा ती हसली. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

"किती बारके हायेत!" मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "आजच काऊन आणले?"

"आज ते तारीख हाय म्हणूनच आणले."

तिला समजलं. पिशवीला तिनं बाहेरून बोट लावलं. मग तिनं टाकीतलं पाणी तपासलं आणि नळी माझ्यासमोर धरली.

"हे हिरवं हाय. वापस देऊन या."

"वापस नेईपर्यंत पिशवीतच मरतील."

तेही खरंच होतं. तिनं मासे सोडले, आणि लगेच बादलीत मीठ कालवायला घेतलं. दोन दिवस ती जुनं पाणी काढत होती, नवं घालत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मीठ संपलं. संध्याकाळी एक मासा वर येऊन तोंड उघडझाप करायला लागला आणि मग आडवा झाला. दुसरा सकाळी वाळूवर पडलेला होता.

तिनं तो ओंजळीत घेतला आणि माझ्यापुढे धरला. मी मान वळवली.

"पाहा म्हणते ना," ती म्हणाली. "तिलेबी तुमी असंच घाईनं नेलं. मले दाखवलं बी नाई."

ती गुंगीत असताना दवाखान्यात आलेली घरची वडीलधारी माणसं म्हणाली होती, आईला दाखवू नका, जीव लागते. मी मान डोलावली. माझ्या मोठ्या बहिणीनं बाळ पुसलं, कापडात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. ऊर्जानगराबाहेर नाल्याच्या काठाला लहान मुलांना पुरतात. ऊन उतरायच्या आत मी मोकळा झालो. बायकोनं डोळे उघडले तेव्हा मी हातपाय धुऊन तिच्या उशाशी बसलेलो होतो.

रविवारी ती म्हणाली, "जागा दाखवा." मोटरसायकलवर गेलो. दोन महिन्यांत तिथलं सगळं बदललं होतं. गवत वाळून आडवं झालेलं, शेळ्यांनी माती तुडवलेली, आणखी दोन-तीन ढिगारे आलेले. मी एका दगडापाशी थांबलो, मग पुढच्या.

"इथी?"

"इथीच कुठीतरी."

"नक्की सांगा."

"मले नाई माहीत," मी म्हणालो.

ती तिथंच मातीत बसली. तिनं विचारलं, "दिसाले कशी होती?"

"मी पाहिलंच नाई. कापड उघडलं नाई मी."

ती रडली नाही. मी डोक्यावरचं हेल्मेट न काढता तसाच बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी ती अहेरीला आईकडे गेली. चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी आला. "थेंब टाकून राह्यले का? नाईतर ते जिवाणू उपाशी मरतील." मी टाकत होतो. वहीत लिहीतही होतो, तिच्या अक्षराखाली माझं अक्षर. एप्रिल सरता सरता एका संध्याकाळी अमोनिया टाकला आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत दोन्ही विषं शून्यावर आली. मी फोन करून सांगितलं, "झालं."

ती म्हणाली, "मासे आणू नका."

मासे आम्ही आजवर आणले नाहीत. टाकीत थोड्या गोगलगायी आहेत आणि बोटभर प्रवाळाचे दोन तुकडे, तेही तिनं स्वतः निवडून, पावसाळा संपल्यावर आणलेले. एक तुकडा वाढतो आहे, दुसरा तसाच आहे.

ती परत आली ती त्याआधी, जूनमध्ये, आणि एकटी आली नाही. वाटेत मुलचेऱ्याला उतरून तिनं माझ्या बहिणीला सोबत घेतलं होतं. पाणी प्यायल्यावर ती बहिणीसमोर पलंगावर बसली. मी चहाच्या निमित्तानं आत जायला लागलो.

"तुमीबी बसा," ती म्हणाली. मग बहिणीला म्हणाली, "ताई, आता सांगा. सगळं सांगा."

ताईनं पदरानं तोंड पुसलं. "केस लय होते पोरी. ओले होते तं कपाळाले चिकटले होते, म्या मांगं सारले. नखं आली होती. ओठ तुयासारखे. एक कान दुमडला होता. म्या बोटानं सरळ केला."

"कोणता?" बायकोनं विचारलं.

ताईनं डोळे मिटून आपले हात पुढे घेतले, बाळ धरल्यासारखे, आणि नीट आठवून म्हणाली, "डावा."